रीफ टँकचा लाइट: कुठून सुरू करायचा, किती आणि कधी वाढवायचा

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यावर नवा एलईडी लाइट लावला. दोन दिवस टँक झगमगला. आठव्या दिवशी झोआ जातीचे कोरल मिटून बसले, मशरूम कोरल आक्रसले. कुणीतरी सांगितलं, प्रकाश कमी पडतोय, वाढव. वाढवला. पंधराव्या दिवशी दगडावर पांढरा थर तेवढा उरला. टँक बघायला म्हणून मला ज्या घरांतून बोलावणं येतं, त्यांतल्या बऱ्याच जणांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते. लाइट चांगला असतो, पाणीही बरं असतं. क्रम चुकलेला असतो. मोजण्याआधी वाढवलं जातं, आणि कोरलला जुळवून घ्यायला जिथे आठवडे लागतात तिथे आपण दिवसांवरून निर्णय घेतो.

कोरलच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. प्रकाश एकदम वाढला की या शैवालाला तो पेलत नाही. पेशींना अपाय करणारा क्रियाशील ऑक्सिजन तयार होऊ लागतो, आणि कोरल ते शैवालच बाहेर टाकतं. पांढरं पडणं म्हणतात ते हेच. तोच प्रकाश हळूहळू वाढवला तर कोरल आपल्यातलं शैवाल आणि रंगद्रव्यं कमी-जास्त करून जुळवून घेतं. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सगळे कठीण, म्हणजे खडक बांधणारे कोरल, तसंच काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. ‘सगळेच विकतात’ म्हणून ते घरी आणू नका. हाजी अली, वरळीच्या खडकांवर ओहोटीला दिसणाऱ्या कोरलला तर हातही लावू नका. हा लेख झोआ, मशरूम, लेदर, केनिया ट्री, झेनिया अशा मऊ जातींसाठी आहे. त्या घेतानाही माल कुठून आला ते विचारा आणि बिल घ्या.

## तयारी: लाइटला हात लावण्याआधी

पार मीटर. कोरलला उपयोगी पडणारा प्रकाश, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, ‘पार’मध्ये मोजतात. दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, तो हा आकडा. मीटर महाग असतो आणि वर्षातून तीन-चारदाच लागतो, त्यामुळे ओळखीच्या चार-पाच टँकवाल्यांनी मिळून एक घ्यावा, किंवा एका शनिवार-रविवारसाठी मागून आणावा. सेन्सर पाण्यात चालणारा आणि निळा प्रकाश नीट वाचणारा हवा.

फोनमधलं लक्स अ‍ॅप इथे चालत नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वात संवेदनशील असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला तो त्याच्या जेमतेम ४% प्रतिसाद देतो, आणि रीफ लाइटचा बहुतेक जोर तर निळ्यातच असतो. म्हणूनच टँक डोळ्यांना अंधारा वाटत असतानाही कोरलवर रणरणतं ऊन पडत असू शकतं. ‘मंद वाटतो म्हणून वाढवला’ ही चूक इथूनच सुरू होते.

वही. तारीख, लाइटची टक्केवारी, तास, तापमान आणि एका ओळीत काय दिसलं ते. अ‍ॅपमध्ये ठेवलेल्या नोंदी मी कधी उघडून बघितल्या नाहीत. टँकखालच्या कपाटात दोरीने बांधलेली वही रोज हाताला लागते.

पाण्याची चाचणी. तापमान २५ ते २७ अंश, खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. हे आकडे किमान दोन आठवडे स्थिर हवेत.

> थांबा: नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दाखवत असतील तर लाइट वाढवू नका. उपाशी कोरलवर जोरदार प्रकाश टाकला तर ते भरल्या पोटीच्या कोरलपेक्षा फार लवकर पांढरं पडतं. आधी खाणं थोडं वाढवा, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) थोडा हलका चालवा, आणि आकडे वर येऊ द्या.

तापमानाचं मुंबईत वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या टँकचं पाणी सहज ३० अंशांच्या आसपास जातं. उष्णता आणि प्रकाश हे दोन्ही ताण एकाच जागी घाव घालतात. पंखा लावून पाणी थंड ठेवत असाल तर पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नका. पंख्याचा थंडावा बाष्पीभवनातून येतो, आणि जुलैच्या दमट हवेत पाणी फारसं उडतच नाही.

## टप्पा १: खिडकीचं ऊन शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. कारण सोपं आहे. टँक ज्या महिन्यात बसवला, त्या महिन्यात तिथे ऊन नव्हतं.

मुंबईत जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. मग ऊन गॅलरी ओलांडून हॉलमध्ये चार-पाच फूट आत येतं. बोरिवलीच्या आमच्या जुन्या घरात टँक जुलैमध्ये बसवला होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या कोपऱ्यातलं लेदर खाली मान घालून बसलं. पंधरा दिवस मी पाणी तपासत राहिलो. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी एक वाजता घरी होतो, तेव्हा त्या कोपऱ्यावर पडलेला हातभर उन्हाचा पट्टा पहिल्यांदा दिसला. मोकळ्यावरच्या भर दुपारच्या उन्हाचा पार २००० च्या आसपास जातो. खिडकीच्या काचेतून निम्मा आला तरी झोआंना लागतो त्याच्या कितीतरी पट.

काय करायचं: सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता टँकचा लाइट बंद करून टँकवर ऊन पडतंय का ते बघा. पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळचं बघणं चुकवू नका. पुन्हा डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलात बघा. ऊन येत असेल तर जाड पडदा लावा. टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचेला काळा कागद चिकटवला तरी चालतो.

## टप्पा २: उंची ठरवा आणि मग ती विसरा

लाइट कंपनीने सांगितलेल्या उंचीवर टांगा, बहुतेक वेळा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर. काच आणि लेन्स आधी ओल्या मऊ कापडाने पुसून घ्या, अर्थात प्लग काढून. लटकवायच्या तारांवर पक्क्या शाईने खूण करा. साफसफाईसाठी लाइट वर घेतला आणि परत लावताना दोन इंच खाली बसला, की सगळी मापं बदलतात. पुढे प्रकाश कमी-जास्त करायचा तो टक्केवारीने. उंचीशी खेळायचं नाही.

## टप्पा ३: रंगांचं प्रमाण आधी, जोर नंतर

लाइटमध्ये निळा, रॉयल ब्लू, व्हायोलेट, पांढरा, लाल, हिरवा असे वेगवेगळे चॅनल असतात. आधी त्यांचं आपसातलं प्रमाण ठरवा: निळ्या गटाचे चॅनल सर्वात वर, पांढरा त्यांच्या चौथा हिस्सा ते एक तृतीयांश, लाल-हिरवा नावापुरता. कोरलमधल्या शैवालाची रंगद्रव्यं निळा प्रकाश सर्वात चांगला शोषतात. पांढरा आहे तो मासे आपल्याला नैसर्गिक रंगात दिसावेत म्हणून.

हे प्रमाण वहीत लिहा आणि मग फक्त एकूण जोर बदला. पाहुणे आले म्हणून पांढरा चढवला, फोटोसाठी निळा चढवला, असं केलं की घेतलेलं प्रत्येक माप निरुपयोगी होतं. फोटोला वेगळा मोड हवाच असेल तर पाच मिनिटांचा ठेवा.

## टप्पा ४: टँकचा नकाशा काढा

एक तास लागतो, आणि पुढचं वर्षभर तो उपयोगी पडतो. टँकचा समोरून साधा आराखडा वहीत काढा. तीन उंच्या घ्या: वाळू, मधला दगड, वरचा दगड. प्रत्येक उंचीवर डावी, मध्य आणि उजवी बाजू. झाले नऊ बिंदू. जिथे कोरल आहे किंवा ठेवायचा आहे, ते बिंदू वेगळे.

१. आदल्या दिवशी काच साफ करा आणि कार्बन (पाणी स्वच्छ ठेवणारा गाळणीतला कोळसा) बदलायचा असेल तर बदला. गढूळ पाण्यात घेतलेलं माप खोटं निघतं.

२. सेन्सर एका पीव्हीसी पट्टीच्या टोकाला बांधा. तो सरळ वर बघायला हवा. तिरका झाला की आकडा घसरतो.

३. लाइट ५०% वर ठेवा, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) नेहमीसारखा चालू. पाण्याच्या लाटांमुळे आकडा नाचतो, म्हणून प्रत्येक बिंदूवर दहा-पंधरा सेकंद धरून सरासरी लिहा. आपल्या हाताची किंवा डोक्याची सावली सेन्सरवर पडू देऊ नका.

४. कोरलच्या जागांवर तेच माप ३०%, ७०% आणि १००% वर घ्या. टक्केवारी दुप्पट केली म्हणजे पार दुप्पट होईलच असं नाही, प्रत्येक लाइटचा स्वभाव वेगळा.

आता आकड्यांचा अर्थ. मशरूमना मी ५० ते ८० पार देतो, केनिया ट्रीला ७० ते १२०, झोआ आणि झेनियाला ८० ते १५०, लेदरला १०० ते १५०. या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जायची घाई कुणालाच नसावी. खालच्या टोकाला स्थिर राहणारा टँक वरच्या टोकाला हेलकावणाऱ्या टँकपेक्षा चांगला वाढतो, हे मी अनेक घरांत बघितलं आहे.

> तपासा: लाइटच्या बरोबर खाली आणि कोपऱ्यात किती फरक आहे? मध्यावर १८० आणि कोपऱ्यात ४० हे अगदी नेहमीचं चित्र. मशरूम कोपऱ्यात, लेदर मध्याजवळ: जागावाटप या नकाशावरून करा, दिसायला कुठे छान दिसेल त्यावरून नाही.

## टप्पा ५: तास ठरवा

पूर्ण जोराचे ७ ते ८ तास, दोन्ही बाजूंना एकेक तासाचा चढ-उतार. रात्रीचे किमान दहा तास संपूर्ण अंधार.

तास हासुद्धा प्रकाशाचाच हिशेब आहे. १०० पार आठ तास म्हणजे दिवसभरात चौरस मीटरला २.८८ मोल. तेच दहा तास केले तर ३.६ मोल, म्हणजे सरळ २५% वाढ. टक्केवारीला हात न लावता ‘फक्त रात्री थोडा वेळ जास्त चालू ठेवतो’ म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात मोठी उडी मारलेली असते.

नोकरी करणाऱ्यांनी पूर्ण जोराची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा ठेवावी, म्हणजे घरी आल्यावर टँक बघायला मिळतो. चिलर नसेल तर उन्हाळ्यात ती दोन तास पुढे ढकला. भर दुपारची उष्णता आणि लाइटची उष्णता एकत्र येत नाही. मात्र ही सरकवासरकवी रोज अर्ध्या तासाने करायची, एका दिवसात नाही.

## टप्पा ६: कमी टक्क्यांवरून चढण

समजा, झोआंच्या दगडावर ५०% ला ११० आणि १००% ला २४० पार मिळाला. तुम्हाला १२० हवा आहे, म्हणजे लक्ष्य साधारण ५५%. सुरुवात ३०% वर करा. दर रविवारी ५ टक्क्यांनी वाढवा. पाच आठवड्यांत ५५% वर पोहोचाल.

वाढवण्याआधी त्या रविवारी वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. गेल्या आठवड्यात सगळे पॉलिप (कोरलची फुलासारखी उघडणारी तोंडं) रोज उघडले का? पाण्याचे आकडे जागेवर आहेत का? तापमान २८ च्या खाली राहिलं का? तिन्हीला ‘हो’ असेल तरच वाढवा. एकालाही ‘नाही’ असेल तर आहे तिथेच आणखी एक आठवडा.

बऱ्याच लाइटमध्ये ही चढण आपोआप करणारा मोड असतो. सोयीचा आहे, पण तो कोरलकडे बघत नाही. वापरलात तरी रविवारचे प्रश्न सोडू नका.

> थांबा: एका आठवड्यात एकच बदल. लाइट वाढवला त्या आठवड्यात सॉल्ट मिक्स बदलू नका, वेव्हमेकरची दिशा बदलू नका, मोठा पाणीबदल करू नका. दोन गोष्टी बदलल्या आणि कोरल मिटला, तर कशामुळे ते कळायचा मार्ग उरत नाही.

> मुंबईपुरतं: मे आणि ऑक्टोबरमध्ये लाइट वाढवायचाच नाही. पाणी २९ च्या वर जात असेल तर उलट १० ते १५ टक्के कमी करा आणि पाणी निवल्यावर परत या.

## टप्पा ७: जुन्या टँकमध्ये नवा फ्रॅग

इथे एक वेगळी अडचण येते. टँक ५५% वर स्थिर आहे आणि नवा फ्रॅग, म्हणजे लावायला आणलेला कोरलचा तुकडा, आला आहे. त्याच्यासाठी सगळ्या टँकचा लाइट खाली आणला तर जुन्या रहिवाशांना विनाकारण धक्का. लाइट तसाच ठेवा आणि फ्रॅगची जागा बदला.

दुकानात विचारा: किती दिवसांपासून आहे, कोणत्या लाइटखाली, टाकीत वर होता की तळाला. क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणच्या गर्दीत हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. बऱ्याच दुकानांतल्या साध्या टाक्यांत प्रकाश फार कमी असतो, आणि आलेला माल त्याआधी दिवसभर अंधाऱ्या डब्यात राहिलेला असतो. उत्तर मिळालं नाही तर तो अंधाराला सरावला आहे असं धरा.

पिशवी लाइट बंद असलेल्या टँकवर तरंगत ठेवून तापमान जुळवा. फ्रॅग तपासा, डिप द्या (कीड काढणाऱ्या द्रावणात थोडा वेळ बुडवा), आणि नकाशावर ज्या जागी ४० ते ५० पार आहे तिथे वाळूवर ठेवा. त्या दिवशी लाइट पुन्हा लावू नका. एक आठवडा तिथेच. दुसऱ्या आठवड्यात ६०-७० च्या जागी, आणि मग दर दहा-बारा दिवसांनी एकेक पायरी. मशरूम तर पहिल्या जागीच खूश असेल तर हलवायची गरजच नाही.

तळाशी कमी प्रकाशाची जागाच नसेल, जसं एक फुटाच्या नॅनो टँकमध्ये होतं, तर खिडकीची प्लास्टिकची मच्छरजाळी वापरा. हार्डवेअरच्या दुकानात मीटरने मिळते. नव्या फ्रॅगच्या वरच्या भागावर पाण्याच्या वर चार पदर पसरा आणि दर पाच दिवसांनी एक काढा. लोखंडी जाळी नको, ती गंजून पाण्यात उतरते. जाळी लाइटच्या पंख्याला चिकटणार नाही एवढं अंतर ठेवा.

सर्वात जास्त फ्रॅग मरतात ते रोज जागा बदलल्यामुळे. सोमवारी मिटला म्हणून खाली, बुधवारी उघडला म्हणून वर, शुक्रवारी प्रवाह जास्त वाटला म्हणून मागे. एका जागी किमान सात दिवस द्याच.

## टप्पा ८: कोरल काय सांगतंय

प्रकाश जास्त झाला तर खुणा वरच्या बाजूने, लाइटकडे तोंड असलेल्या भागावर सुरू होतात. रंग फिका पडतो, झोआ दगडाला चिकटून बसतात आणि दुपारच्या पूर्ण जोरात मिटतात, मशरूम लहान होऊन कडा आत वळवतो. सावलीतला भाग ठीक आणि वरचा फिका, असं असेल तर संशय लाइटवर घ्या. सगळीकडून सारखंच बिघडत असेल तर आधी पाणी तपासा.

प्रकाश कमी पडला तर झोआंचे देठ लांब होतात, लेदर लाइटच्या दिशेला कलतं, मशरूम पसरट होतो, रंग तपकिरीकडे झुकतो. पण तपकिरी रंगावर एकट्यावर विसंबू नका. नायट्रेट-फॉस्फेट खूप वर गेले तरी शैवाल वाढून कोरल तपकिरी होतं. देठ आखूड आणि रंग तपकिरी असेल तर प्रश्न बहुधा खाण्याचा आहे, लाइटचा नाही.

लेदरबद्दल एक वेगळी सूचना. ते अधूनमधून पॉलिप आत घेतं, अंगावर मेणासारखी चमक येते, आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, तसंच बसतं. मग ती पातळ त्वचा सुटते आणि ते पुन्हा उघडतं. ही त्याची अंग साफ करण्याची पद्धत आहे. थोडा प्रवाह मिळू द्या आणि लाइटला हात लावू नका.

## टप्पा ९: पांढरं पडायला लागलं तर

वाढवायचं ते हळू, कमी करायचं ते लगेच. त्याच संध्याकाळी लाइट ३० टक्क्यांनी खाली आणा, म्हणजे ६० वर असेल तर साधारण ४०. पूर्ण अंधार करू नका. उरलेलं शैवालच त्याला पुन्हा उभं करणार आहे, आणि त्या शैवालाला प्रकाश लागतो. कोरल होता त्याच जागी ठेवा. आठवड्यातून दोनदा बारीक खाणं द्या. तीन आठवडे काही बदलायचं नाही. रंग परतायला दोन-तीन महिनेही लागतात. पॉलिप उघडत असतील आणि मांस दगडाला धरून असेल, तर ते जिवंत आहे, धीर धरा. त्यानंतर टप्पा ६ पुन्हा सुरू करा, दर रविवारी ५ ऐवजी ३ टक्क्यांनी.

## नकळत होणाऱ्या उड्या

लाइटची टक्केवारी तीच राहते आणि प्रकाश मात्र बदलतो, असे प्रसंग घरोघरी घडतात.

लेन्सवर मिठाचे शिंतोडे साचतात, पावसाळ्यात दमट हवेने ते चिकट होतात. तीन महिने न पुसलेली लेन्स एका सकाळी लख्ख पुसली तर खाली कोरलवर एकदम जास्त प्रकाश पडतो. दर आठवड्याला आरओच्या पाण्याने ओलं केलेल्या कापडाने पुसा. तीन महिने राहून गेलंच असेल तर पुसल्यावर १० टक्के कमी करा आणि दोन आठवड्यांत परत आणा.

कार्बनचंही तसंच. जुना कार्बन संपला की पाणी हळूहळू पिवळसर होतं आणि निळा प्रकाश खातं, हे आपल्या लक्षातही येत नाही. नवा कार्बन टाकला की एका रात्रीत पाणी काचेसारखं होतं. म्हणून कार्बन महिन्याच्या महिन्याला थोडा थोडा बदला.

एलईडीऐवजी टी-५ (फ्लुरोसंट) ट्यूब वापरत असाल तर त्या साधारण वर्षभरात फिक्या पडतात. चार ट्यूब असतील तर एकदम चारही बदलू नका, दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक बदला.

वीज गेली आणि लाइट चार तास बंद राहिला, तर तो वेळ रात्री भरून काढू नका. ढगाळ दिवस समुद्रातही असतातच. बॅटरी असेल तर ती हवेच्या पंपाला द्या.

आणि लाइट दुरुस्तीला गेला, परत आला, नवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) बसला, तर जुनी टक्केवारी डोळे झाकून टाकू नका. मीटर मागून आणा, नऊ बिंदू पुन्हा मोजा, आणि वहीत नवं पान सुरू करा.